कृपया इंजिन बंद करा

…आणि म्हणे सांगायचं नाही! कोणालाच नाही! आता तुम्हीच सांगा, एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन माणसाने शाळेत जायचं, गणितं सोडवायची, वेणी घालायची, जेवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हे जमतं का कोणाला? मला जमत होतं, कारण मी मुळात बोलतच नाही. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की मला उत्तर येत असतं, अगदी ओठांपर्यंत आलेलं असतं, पण तिथे येऊन ते बाकावर बसल्यासारखं बसून राहतं, आणि तोवर पुढच्या रांगेतली कोणीतरी ते सांगून मोकळी होते. घरी कोणी आलं की मी पाण्याचा ग्लास ठेवते आणि दाराआड जाते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं, या घरात मुलगी नाहीच, पाणी आपोआप येतं. तर मी काही बोलणारी मुलगी नाही. पण तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अनोळखी आहात, आणि अनोळखी माणसांचं एक बरं असतं, ती मध्येच "अगं बाई, ही बोलली!" असं ओरडत नाहीत. ओरडणार नाही ना? बरं.

तर आमची कंपनी आहे. मालवाहतुकीची. कंपनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत आली असेल, तर ती काढून टाका. आमची कंपनी म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक पंखा, तो वारा कोणालाच देत नाही, फक्त कागद उडवतो, आणि एक बाक. बाकावर कायम एक टायर. का ते विचारू नका, मला समजायला लागलं तेव्हापासून तो तिथेच आहे, आलेल्या माणसाला त्याच्याशेजारी अंग चोरून बसावं लागतं. मागे अंगण, अंगणात तीन ट्रक. पण आम्ही ट्रकला ट्रक म्हणत नाही, गाडी म्हणतो, "तिन्ही गाड्या बाहेर आहेत" असं मी एकदा मैत्रिणीला सांगितलं तर तिला वाटलं आम्ही फार श्रीमंत आहोत. मी काही बोलले नाही. मी काही बोलणारी मुलगी नाही.

तीन गाड्यांवर तीन माणसं. एक घाईवाले काका. ते चहासुद्धा उभ्याने पितात, आणि बशी परत देईपर्यंत फाटकाबाहेर गेलेले असतात. दुसरी मावशी. म्हणजे माझी मावशी नाही, सगळ्यांचीच मावशी, ती गाडी चालवते आणि गाडी चालवताना समोरच्या प्रत्येकाशी भांडते, सिग्नलशीसुद्धा. आणि तिसरे दूरचे काका. नातं दूरचं म्हणून नव्हे हं, नातं काहीच नाही, पण सगळ्यात दूरची फेरी त्यांची, म्हणून दूरचे काका. बाबांनी पहिली गाडी घेतली तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत. तेव्हा दोघं आळीपाळीने चालवायचे, मग बाबांचा गुडघा गेला आणि बाबा टेबलामागे आले. दूरचे काका माझ्यासारखे आहेत. बोलत नाहीत. येतात, टायरशेजारी बसतात, मी ठेवलेलं पाणी पितात, ग्लास जागच्या जागी ठेवतात, जातात. आम्ही दोघं एकाच खोलीत असलो की तिथे कोणीच नसल्यासारखं वाटतं.

बोलायचे ते बाबा! अहो, पूर्वी आमच्या घरात दिवसभर काय चालायचं? "हॅलो! कुठे पोचलास? …कुठे? …अरे, कुठला पूल? …पूल तर चार आहेत!" आणि तिकडून घाईवाले काका, "पोचतोच आहे, पोचतोच आहे!" हे त्यांचं ठरलेलं. ते निघाले नसले तरी पोचतोच आहे. मग ज्याचा माल असेल त्याचा फोन, "अहो, माझी गाडी कुठाय?" मग बाबा, "पोचतेच आहे, पोचतेच आहे!" माल उतरवून गाडी परत येणार ती बऱ्याचदा रिकामी, आणि रिकामी गाडी फाटकातून आत शिरली की बाबांचा चेहरा असा व्हायचा, जणू ती त्यांच्या छातीवरूनच आत आली. डिझेल तर जायचं तेवढंच ना, भरून या नाहीतर रिकामी या!

अशातच एक दिवस डबीवाला आला. त्याचे बूट इतके चकचकीत होते की टायरशेजारी बसताना त्याने आधी बूट बाजूला घेतले, मग स्वतः बसला. टेबलावर एक काळी डबी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, ही डबी नाही. हा तुमचा मॅनेजर आहे. पगार नको, रजा नको, चहा नको." आई आतून म्हणाली, "घेऊन टाका. तुमच्यापेक्षा स्वस्त पडेल." साहेब म्हणून बाबांना आयुष्यात कोणी हाक मारली नव्हती, ते तिथेच विरघळले, आणि तिन्ही गाड्यांना डब्या लागल्या.

आता खोटं कशाला बोलू, डबी गुणाची निघाली. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे उभी आहे, उभी असताना इंजिन चालू आहे की बंद, टाकीत डिझेल किती, सगळं बाबांच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसायला लागलं. फोनमध्ये एक ॲप आलं, त्यात परतीच्या वाटेवर कोणाचा माल पडून आहे ते कळतं, म्हणजे गाडी रिकामी यायला नको. माल उतरला की तिथल्या माणसाची सही घेऊन कागदाचा फोटो पाठवायचा, म्हणजे तेलाचे डाग पडलेला कागद गाडीबरोबर घरी येईपर्यंत बिल अडकून राहायला नको. मालवाल्यालाही फोनवर लिंक पाठवायची, बघ बाबा तूच तुझी गाडी. घरातली फोनाफोनी एकदम थांबली. इतकी शांतता झाली की शेजारच्या आजी विचारायला आल्या, "यांची तब्येत बरी आहे ना?"

आणि तुम्हाला सांगते, तो पडदा! शाळेतून आले की मी दप्तर न काढता त्याच्यापुढे बसायला लागले. फिकट हिरवा नकाशा, त्यात निळ्या रेघेची नदी, आणि तीन छोटे बाण, मुंगीपेक्षाही हळू सरकणारे. घाईवाल्या काकांचा बाण कसा, डोळ्याची पापणी लवली की पुढे. मावशीचा बाण अडखळत, म्हणजे आत्ता कोणाशी तरी भांडण चालू आहे. आणि दूरच्या काकांचा बाण… तो नकाशाच्या अशा भागात जायचा जिथे काहीच लिहिलेलं नाही. गाव नाही, पेट्रोलपंप नाही, नुसता हिरवा रंग, आणि त्यातून जाणारी एक बारीक पिवळी रेघ. मी बघत बसायचे आणि मला ते सगळं दिसायचं, लांबच लांब माळ, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं गवत, आणि मधून आमची गाडी, तिच्या मागच्या फळीला मी लहानपणी काढलेलं वेडंवाकडं फूल. आई म्हणायची, "अगं, दूध उतू गेलं!" मी नदी ओलांडत असायचे.

पण डबीला एक खोड होती. डबी बोलायची. वेग वाढला की बोलायची, गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं की बोलायची. आणि तिच्यातली जी बाई होती ना, तिच्या तोंडात बहुतेक गरम बटाटा होता. मावशी पहिल्याच दिवशी परत येऊन म्हणाली, "ही मला सूचना देतेय की शिव्या? एकदा काय ते ठरवा, म्हणजे मला उत्तर देता येईल." डबीवाला म्हणाला, "साहेब, सोपं आहे, आपल्या भाषेत आपल्याच माणसाचा आवाज भरा." मग बाबांनी स्वतःचा भरला. झालं! घाईवाले काका आपल्या तंद्रीत चाललेले, आणि केबिनमध्ये अचानक बाबा ओरडले, "हळू!!" काकांनी असा ब्रेक मारला की मागचा सगळा माल पुढे येऊन त्यांना भेटला. आईला विचारलं, तर आई म्हणाली, "माझं घरात कोणी ऐकत नाही, गाडीत कोण ऐकणार?" आणि मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मी दाराआड गेले. त्यांनी मला दाराआडून काढलं.

रजया ठेवायच्या कपाटात मला बसवलं, कारण तिथे आवाज घुमत नाही. अंधार, कापसाचा वास, हातात बाबांचा फोन. आणि काय आश्चर्य, तिथे शब्द आले! कोणी बघत नव्हतं ना. "वेग कमी करा." "कृपया इंजिन बंद करा." बाबा म्हणाले, एकच वाक्य सारखं ऐकून माणूस कंटाळेल, दोनचार वेगवेगळी कर. मग मी नीट विचार करून लिहून काढली आणि म्हटली, "आपण थांबला आहात. इंजिनलाही थोडं थांबू द्या." बाबा म्हणाले, "हे काय, कविता?" पण ठेवलं. आणि मला बजावलं, "हा तुझा आवाज आहे हे तिघांनाही कळता कामा नये. घरच्या पोरीचं कोण ऐकतंय? त्यांना वाटू दे कंपनीची बाई आहे." मला काय, मी काही बोलणारी मुलगी नाही. त्या तिघांनी तरी माझा आवाज कधी ऐकला होता?

पण गंमत बघा हं. मी वर्गात बसलेली असायचे, सर विचारायचे, "कोण सांगेल?", माझं उत्तर ओठांवरच बसलेलं असायचं, आणि त्याच वेळी कुठेतरी एका मोठ्या पुलावर मी एवढ्या अवाढव्य गाडीला सांगत असायचे, वेग कमी करा, आणि ती करायची! मी बाकावर आणि माझा आवाज नदीपार. मी कधी न बघितलेल्या धुक्यातून, बोगद्यातून, गिरण्यांच्या भिंतींजवळून तो जाऊन यायचा. रात्री गाद्या घालताना मला वाटायचं, आज तो दमला असेल.

सगळं छान चाललं होतं, आणि मग ते लाल आलं.

डबी दर आठवड्याला हिशेब द्यायची. ज्याने डिझेल नीट वापरलं तो हिरवा, ज्याने उगाच जाळलं तो लाल. घाईवाले काका हिरवे, ते थांबतच नाहीत तर उभं इंजिन जळणार कधी? मावशी हिरवी. आणि दूरचे काका लाल! ते, ज्यांनी आजवर एक ओरखडा पडू दिला नाही गाडीला! रोज दुपारी, त्या माळावर, जिथे नकाशात काहीच लिहिलेलं नाही, त्यांचा बाण थांबायचा. बराच वेळ. इंजिन चालू. पुढच्या आठवड्यात पुन्हा लाल. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर असं लालभडक की बाबा पडदाच पालथा घालायला गेले, मग आठवलं की तो पालथा घालता येत नाही.

डबीवाला आला, बूट बाजूला घेतले, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, ओसाड जागा, चालू इंजिन… असंच सुरू होतं बरं. डिझेल काढून विकतात."

बाबा एकदम उभे राहिले. गुडघा विसरून. "तो? तो आणि मी एका ताटात जेवलोय!"

"मी कुठे काय म्हणालो? मी म्हटलं, केबिनमध्ये कॅमेरा लावून बघा. काही दिवस फुकट. चित्र येतं, आवाज येतो. मन शांत होईल."

बाबांचं मन काही शांत झालं नाही, पण कॅमेरा लावला. काकांना सांगितलं, रस्त्यावर काही अपघात झाला तर पुरावा हवा. काकांनी मान हलवली. आणि त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, मी दाराआडून ऐकलं, "तसं काही निघालं तर चावी मागून घेईन. आणि तसं काही नाही निघालं, तरी असं लाल चालत राहिलं तर त्याला लांबच्या फेरीवरून काढावंच लागेल गं. एका गाडीचं डिझेल असं जळत राहिलं तर बाकी दोन कशाला पळवायच्या?" आई यावर काही टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होते. आईने मारला नाही. तेव्हा मला कळलं की हे खरं आहे.

आता बाबांची बोटं ही अशी जाड, ते पडद्यावर एक दाबतात आणि चार उघडतात. म्हणून कॅमेऱ्यातलं चित्र बघायचं काम कोणाला? मला. शाळेतून आले, कानात इअरफोन घातले, दाबलं.

गाडीची केबिन. काचेतून पांढरं ऊन. बाहेर तेच, मला दिसायचं तसंच, गवत एका बाजूला झुकलेलं, खरंच! काका स्टिअरिंगवर रुमाल पसरतात, त्याच्यावर डबा उघडतात. इंजिन घरघरतंय. आणि तेवढ्यात मी बोलते. म्हणजे डबी बोलते. "कृपया इंजिन बंद करा."

आणि काका, जे आमच्याकडे इतकी वर्षं येऊन "येतो" आणि "निघतो" याच्यापलीकडे बोलले नाहीत, ते काका घास हातात धरून म्हणतात, "करतो गं बाई, करतो. आधी बसू तर दे. तू जेवलीस?"

मी इअरफोन काढला, बघितला, परत घातला.

"आज त्या खालच्या रस्त्याला काम काढलंय," काका सांगत होते. "इकडून येताना बघ, सगळी खडी. दोन बगळे बसले होते खडीवर, जणू मुकादम." एक घास खातात. मी: "आपण थांबला आहात. इंजिनलाही थोडं थांबू द्या." काका हसतात. अहो, हसतात! "हे मात्र छान बोलतेस तू. हे कोणी शिकवलं तुला?" मग मुलाचं सांगतात, दुसऱ्या देशात असतो, फोन करतो पण घाईत असतो. मग गुडघ्याचं, "मालकाचा गेला, आता माझाही कुरकुरतो, पण सांगू नकोस हं त्याला, उगाच काळजी करेल." मग डबा पुसून बंद करतात. मी पुन्हा: "कृपया इंजिन बंद करा." काका किल्लीला हात लावतात, पण फिरवत नाहीत. म्हणतात, "बंद केलं की तू जातेस ना."

…

थांबा हं. जरा पाणी पिते.

तर आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? बाबांना दाखवायचं? बाबा दाखवतील आईला, आई चुकून बोलेल मावशीपुढे, मावशीच्या तोंडून घाईवाल्या काकांकडे, आणि मग जन्मभर, "काय हो, तुमची बाई कशी आहे? जेवली का?" दूरच्या काकांनी गाडीच सोडली असती. चोर ठरले असते तरी बरं, असं त्यांना वाटलं असतं. मी ती चित्रं पुसून टाकली. सगळी. बाबांनी विचारलं, "काय करतो तो तिथे?" मी म्हटलं, "जेवतात."

"डिझेल?"

"नाही."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की पंख्याचं काम त्यांनीच केलं, कागद उडून खाली पडले. "मग इंजिन का नाही बंद करत?" मी खांदे उडवले. इथे मात्र मी काही बोलणारी मुलगी नाही याचा मला फार उपयोग झाला. बाबा म्हणाले, "कॅमेरा काढून टाकतो. पण पुढच्या हिशेबात लाल दिसलं ना, तर मला खरंच काहीतरी करावं लागेल."

मग मी पडद्यावर डबीच्या सगळ्या खाचाखोचा उघडून बघितल्या. वेग वाढल्यावरचा आवाज, दार उघडं राहिल्यावरचा आवाज, आणि खाली, अगदी तळाशी, एक रिकामी जागा. इंजिन बंद केल्यावरचा आवाज. तिथे कोणी काही भरलंच नव्हतं! आणि भरणार तरी कोण, गप्प बसलेल्या माणसाला कोण शाबासकी देतं? मी कपाटात गेले. रजईत डोकं खुपसलं. आणि म्हटलं, "बंद केलंत? बरं झालं. आता आवाज नाही. सावकाश जेवा. मी आहे." थोड्या वेळाने वाजेल असं आणखी एक, "बाहेर वारा आहे का?" आणि मग, "सांगा, ऐकतेय." मी ऐकणार नव्हते, कॅमेरा तर निघाला होता. पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि माझं सगळं लक्ष माळावर. घरी आले. बाण थांबलेला होता. आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, इंजिन बंद.

हिशेबात दूरचे काका हिरवे! असे हिरवे की पानावर ठेवले तर दिसणार नाहीत! बाबांनी डबीची पाठ थोपटली. डबीवाल्याने स्वतःची.

पण मी एक विसरले. डब्या तीन, पण आवाज तिन्हींना तोच!

पहिल्यांदा मावशीचा बाण थांबायला लागला. मग, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, घाईवाल्या काकांचा! जो माणूस चहासाठी बसत नाही, तो झाडाखाली गाडी लावून इंजिन बंद करून बसून! मालवाल्यांचे फोन सुरू झाले, "अहो, पडद्यावर बघतोय, तुमची गाडी झोपलीय का?" बाबा म्हणाले, "डिझेल वाचवायला गेलो तर वेळ चालला!" डबीवाला म्हणाला, "साहेब, चूक आवाजाची आहे. फार लाडीक आहे. काढून टाकू, नुसती शिट्टी ठेवू. पीईईई. माणूस आपोआप निघतो." आणि तिघांना सांगायला बोलावलं.

तर दृश्य असं. बाबा टेबलामागे, डबीवाला बाकावर, टायर त्याच्याशेजारी, तिघं समोर उभे. मी दारात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन. बाबा म्हणाले, "उद्यापासून बाई बंद, शिट्टी चालू."

घाईवाले काका पुटपुटले. मावशी म्हणाली, "शिट्टी मारेल त्याच्या कानाखाली मारते मी." आणि दूरच्या काकांनी खिशातून चावी काढली, टेबलावर ठेवली, ग्लास ठेवतात तशी, आवाज न करता. म्हणाले, "मग मी नाही चालवणार."

बाबा नुसते चावीकडे बघत राहिले. आणि मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट, की मला कळलंच नाही कोण बोललं, "काका, शिट्टी नाही लावायची. चावी घ्या. सावकाश जेवा, पण जेवण झालं की निघत जा."

तीनही माना गर्रकन वळल्या. मावशीचं तोंड उघडंच. आणि घाईवाले काका, तुम्हाला सांगते, टायरवर बसले. बाक दिसलाच नाही त्यांना. बराच वेळ सगळे माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जणू नकाशातून कोणीतरी बाहेर आलंय. मग मावशी म्हणाली, "अगं, पाणी देणारी तू, आणि आम्ही… मी त्या बाईला माझ्या सासूचं काय काय सांगितलंय!" डबीवाला ट्रेमधला ग्लास उचलत होता, त्याला इतकं हसू आलं की त्याच्या बुटांवर पाणी सांडलं. दूरचे काका हसले नाहीत. त्यांनी चावी उचलली.

नंतर ते अंगणात नळाजवळ थांबले होते. मी बादली घ्यायला गेले. ते गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाले, "त्या कॅमेऱ्यात… आवाजही येतो?" मी मान हलवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोणी ऐकलं?" मी स्वतःकडे बोट दाखवलं, मग पुसल्यासारखा हात केला. ते म्हणाले, "सांगू नकोस कोणाला." मी म्हटलं, "नाही सांगणार." एवढंच. आता ते दारातून येतात, पाणी पितात, ग्लास जागच्या जागी ठेवतात. मी दाराआड. पूर्वीसारखंच. समोरासमोर आम्हाला दोघांनाही जमत नाही हो!

गाड्या वेळेवर निघतात. घरच्या पोरीचं कोणी ऐकत नाही म्हणे! मावशी म्हणते, "कंपनीच्या बाईला फसवता येतं, हिला कसं फसवू, ही दारातच उभी असते." इतर ट्रकवाले येऊन बाबांना विचारतात, तुमच्या डबीत असं काय आहे? बाबा खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "तंत्रज्ञान!"

आणि मी आपली दुपारी पडद्यापुढे माझा डबा घेऊन बसते. हा बघा, आत्ताही बसलेय. मावशी त्या तिथे अडखळतेय. घाईवाले काका पुढे, आणखी पुढे, अगदी घराजवळ. आणि हा इथे, जिथे काही लिहिलेलं नाही, बाण थांबला. इंजिन बंद. आता तिकडे मी विचारलं असेल, बाहेर वारा आहे का. आणि काका काहीतरी सांगत असतील, बगळ्यांचं, नाहीतर मुलाचा फोन आला असेल, नाहीतर आला नसेल, मला ऐकू येत नाही. पण एवढा वेळ तिकडे कोणी बोलत असताना इकडे नुसतं बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी पण बोलते. शाळेचं, सरांचं, तुमच्याशी बोलतेय तसं, आणि मग बाण हलला की डबा बंद. आज सरांनी विचारलं ना, तेव्हा मी हात वर केला होता, म्हणजे अगदी कोपरापर्यंत, आणि सर म्हणाले…

"अगं ए! फाटक उघड, घाईवाल्यांची गाडी आलीय! कधीची बडबडतेयस, खोलीत आहे तरी कोण?"

कोणी नाही गं आई! …आता हिला कसं सांगू, की मी काही बोलणारी मुलगी नाही, ते समोरचा बाण थांबलाय म्हणून मी आपली जरा…